हाक न मारणारं घर

आत्तींनी माझ्या तोंडावर हात दाबला तेव्हा त्या हाताला शेणाचा आणि धारोष्ण दुधाचा वास येत होता. लग्नाला पाच दिवस झाले होते. मी जिन्याच्या तळाशी उभी राहून नवऱ्याला उठवत होते, तेही चांगल्या खणखणीत आवाजात, कारण आमच्या सांगलीच्या घरात सगळी भावंडं तशीच उठायची. पहिली हाक गेली, दुसरी घशातच राहिली. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, गोठ्यातून धावत आल्या होत्या. पन्नाशी उलटलेली, अंगापिंडानं दणकट बाई, पण थरथर कापत होती.

“झोपल्याल्या माणसाला हाक मारायची न्हाई,” त्या म्हणाल्या. “बाकी काय बी कर. ह्या घरात हाक मारायची न्हाई.”

मग त्या माडीवर गेल्या, मुलाच्या पायाशी बसल्या, त्याच्या उघड्या तळव्यावर आपला तळहात ठेवला आणि गप्प राहिल्या. चोळणं नाही, हलवणं नाही. चार-पाच मिनिटांनी यशवंतने आपणहून डोळे उघडले आणि आईकडे बघून हसला. तोवर खाली माझ्या चहाचं आधण आटून गेलं होतं.

ही गोष्ट १९८५ सालची. आजऱ्याच्या पुढे, काजूच्या बागांमधून आत गेलं की माझं सासर. गावात मणगुतकरांची चार घरं, त्यातलं आमचं ‘हाकेचे मणगुतकर’ म्हणून ओळखलं जाई. अख्ख्या गावात कोंबडा नसलेलं हे एकच घर. पाहुणा आला की कडी वाजवायचा नाही, अंगणात खाकरायचा आणि कुणी बाहेर येईस्तोवर उभा राहायचा. गणपतीची ढोलताशे वाजवणारी पोरं आमच्या दाराशी आली की शहाण्यासारखी गप्प होत आणि पुढच्या घरापाशी पुन्हा सुरू करत. मला हे सगळं बघून हसू येई. हसू लपवण्याची कला मला कधी जमली नाही, त्यामुळे आत्तींच्या ते लक्षात येई.

कारण विचारलं तर कारण तयार होतं. माझ्या सासऱ्यांची बहीण अहिल्या तेरा वर्षांची असताना दुपारी झोपली होती, भावानं जत्रेला जायला म्हणून मोठ्यानं हाक मारली, ती दचकून उठली आणि तिथंच पडली. पुढे खुद्द सासरे. सोप्यात लवंडले होते आणि पोस्टमननं अंगणातून “तार आलीया” म्हणून आरोळी ठोकली. तार कुणाच्या तरी लग्नाची होती. सासरे काही ती वाचायला उठले नाहीत.

“ह्या रक्ताचं माणूस झोपलं की निम्मं पल्याड असतंय,” आत्ती सांगत. “हाक ऐकली की गडबडतंय. कुठल्या अंगाला जावं ते त्येला कळत न्हाई. हात ठेवला की वळखीनं माघारी येतंय.”

आता माझंही ऐका. माझे वडील हेडमास्तर, सूर्यग्रहणात भर चौकात उभं राहून दहीभात खाणारे. मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. केलेली, गडहिंग्लजच्या एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवणारी. दोन माणसं अचानक गेली, योगायोगानं दोन्ही वेळा कुणीतरी ओरडलं होतं, आणि त्यावर एका घरानं चाळीस वर्षं कुजबुजत काढली, यापलीकडे मला त्यात काही दिसत नव्हतं. वडिलांनी लग्नात दिलेलं गजराचं घड्याळ आत्तींनी त्या हाकेच्या दुसऱ्याच दिवशी माझ्या पेटीत ठेवायला लावलं. मी ठेवलं. पण त्या दिवशी मनात म्हटलं, एक दिवस हे घड्याळ ह्याच घरात वाजवून दाखवीन.

यशवंत जमिनीच्या मोजणी खात्यात होता. आठवड्यातले चार दिवस फिरती. थोरले दीर-जाऊ मुंबईला, त्यांची सहा वर्षांची तारा आजीकडे ठेवलेली. म्हणजे घरात आत्ती, मी, तारा आणि माझी नणंद शालन.

शालनबद्दल सांगायला मी बसले खरी, पण इथं आलं की अजून हात थांबतो. सतरा वर्षांची, सावळी, लांब हातापायांची, बोलताना वेणीचं टोक दातात धरायची सवय. ती बारावी सायन्सला होती, आणि त्या घरात सायन्सला गेलेली ती पहिलीच. तिला नर्स व्हायचं होतं, मी तिला डॉक्टर म्हणायचे. बारावीला मार्क पडले नाहीत तर नेसरीच्या एका उसवाल्याकडे तिचं जवळजवळ ठरलेलं होतं, आणि तो उसवाला तिला अजिबात आवडला नव्हता. त्यामुळे त्या परीक्षेवर तिचं सगळं होतं, आणि खरं सांगायचं तर माझंही. माहेरी जे मला मिळालं ते या घरातल्या एका मुलीला मिळवून द्यायचं, असं मी ठरवून टाकलं होतं.

संध्याकाळी आम्ही दोघी परसात दगडावर बसून अभ्यास करायचो. एकदा पेशीचं आवरण शिकवत होते. ते आवरण म्हणजे नुसती भिंत नव्हे, त्यात प्रथिनांची बारीक बारीक दारं असतात; कुठल्या दारातून सोडियम आत येतं, कुठल्या दारातून पोटॅशियम बाहेर जातं; दार वेळेवर उघडतं, वेळेवर मिटतं, तेव्हाच हात हलतो नि डोळ्याला दिसतं. आणि काही दारं तर एका पेशीतून थेट शेजारच्या पेशीत उघडतात, दोन घरांच्या सामाईक भिंतीत झरोका असावा तशी, त्यातून एकीची खबर दुसरीला पोचते.

“आन् राखण कोण करतंय दारावर?” शालननं विचारलं.

कुणीच नाही, मी म्हटलं, दारच आपली राखण करतं. तिनं ते वहीत लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मी शिकवलं तेवढंच त्या वेळच्या पुस्तकात होतं. त्या दारांना आजार होऊ शकतो हे पुस्तकातही नव्हतं आणि माझ्या डोक्यातही नव्हतं.

अडचण होती ती पहाटेची. शालनची झोप गाढ. आत्ती चारलाच गोठ्यात जात. जाण्याआधी तिच्या तळव्यावर हात ठेवून तिला जागं करत, पण त्यांची पाठ फिरली की ही पुन्हा आडवी. दिवसभर कॉलेज, संध्याकाळी धुणीभांडी, अभ्यासाला पहाटच काय ती मोकळी. फेब्रुवारीत चाचणीचे मार्क बघून ती रडली. तेव्हा मी तिला माडीवर नेऊन पेटी उघडली.

घड्याळ बघून ती मागे सरली. आईला कळलं तर, म्हणाली. मी म्हटलं, उशीखाली ठेवायचं, फडक्यात गुंडाळून, गोठ्यापर्यंत आवाज जाणार नाही. तरी तिनं हात पुढे केला नाही. मग मी जे बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं.

“उद्या वॉर्डात पेशंट ओरडतील, घंटा वाजतील. तिथं काय तळव्यावर हात ठेवायला आई येणार आहे? घड्याळाला भिणारी मुलगी डॉक्टर कशी होणार गं?”

तिनं वेणीचं टोक तोंडात धरलं. मग म्हणाली, “पयल्या दिवशी तुमी शेजारी बसा.”

बसले. कोठीच्या खोलीत, तांदळाच्या कणगीला टेकून. आत्ती गोठ्यात गेल्या, पावणेपाच झाले आणि गजर झाला. शालन ताडकन उठून बसली, छातीवर हात दाबून, डोळे विस्फारलेले. मग ती हसायला लागली, इतकी की तोंडात पदर कोंबावा लागला. “वैनी, काळीज केवढं उडालं बगा,” म्हणाली. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. दोघींनी काळा चहा प्यायला आणि चाळीस वर्षांची भुताटकी आपण एका पहाटेत निकालात काढली म्हणून मी मनातल्या मनात फुशारून गेले.

दिनदर्शिकेच्या पाठीमागे मी पेन्सिलीनं एक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी दुसरी. प्रयोगवहीसारखं सगळं व्यवस्थित: वेळ, गजर, परिणाम काही नाही. परीक्षा संपली की तो कागद आत्तींसमोर ठेवायचा असा माझा बेत होता. सहाव्या दिवशी शालन म्हणाली, उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली, कणगी धरून बसावं लागलं. मी तिला सांगितलं, रात्रीचं नीट जेवत नाहीस, शेंगदाणे-गूळ खात जा. ती रेघसुद्धा मी ‘परिणाम काही नाही’मध्येच धरली. नऊ दिवस झाले, नऊ रेघा झाल्या. वर्गात मुलांना मी कानीकपाळी ओरडून सांगायचे की एखादी गोष्ट नऊ वेळा घडली नाही म्हणजे ती घडतच नाही असं सिद्ध होत नाही. मुलांना सांगणं वेगळं.

दहाव्या दिवशी जीवशास्त्राचा पेपर होता. केंद्र गडहिंग्लजला, एस.टी. सव्वासहाची. त्या दिवशी मी लवकर उठून तिच्या अंघोळीचं पाणी तापवत होते. भिंतीपलीकडे गजर वाजायला लागला. रोज तिसऱ्या-चौथ्या ठोक्याला ती तो बंद करायची. त्या दिवशी तो वाजतच राहिला. मला वाटलं, आज लाडात आलीय. आत्तींना ऐकू जाईल म्हणून मी हात पुसत लगबगीनं आत गेले. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. ती उशीवर कुशीला वळलेली होती, हात घड्याळाकडे गेलेला. मी घड्याळ बाजूला केलं आणि आत्तींना हाक मारली.

आजऱ्याहून डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले. गाव म्हणालं, परीक्षेची धास्ती घेतली पोरीनं. यशवंत मोजणीवरून दुपारी पोचला आणि बहिणीच्या वह्या गोळा करत वेड्यासारखा खोलीत फिरत राहिला. आत्ती मात्र रडल्या नाहीत. त्यांनी एकच गोष्ट धरली. येईल त्याला विचारत: पहाटे कुणी हाक मारली? शेजारच्या बायजाला विचारलं, दुधाला येणाऱ्या बाईला विचारलं. बायजानं गळ्याची शपथ घेतली. मग त्या माझ्यासमोर येऊन बसल्या.

“तू घरात हुतीस,” म्हणाल्या. “कुणी आवाज दिला?”

“कुणी नाही, आत्ती,” मी म्हणाले.

खोटं बोलायला मला एवढा कमी वेळ लागेल असं मला कधी वाटलं नव्हतं. घड्याळ पेटीत होतं, पेटीला कुलूप होतं, आणि कॅलेंडरची पाठ मी त्याच दिवशी चुलीत घातली होती. तेराव्यापर्यंत मी स्वतःलाही पटवत होते की घड्याळाचा काही संबंध नाही. नऊ वेळा काही झालं नाही ना? मग दहाव्यांदा गजर आणि मरण एकत्र आले हाही योगायोगच. माझं सगळं शिक्षण माझ्या बाजूनं साक्ष द्यायला उभं होतं. तरी कुठं भांडं पडलं की माझ्या अंगातून जीव जात होता.

तेरावं झालं, पाहुणे पांगले, आणि त्या संध्याकाळी आत्तींनी मला आणि यशवंतला बोलावून सांगितलं की उद्यापासून ज्यानं त्यानं पाहिजे तशी हाक मारावी.

“चाळीस वर्सं पाळलं,” त्या म्हणाल्या. आवाज अगदी सपाट. “कोंबडा ठेवला न्हाई, वाजाप लावून घेतलं न्हाई. माझ्या लेकीला कुणी हाक मारली न्हाई आन् तरी गेली. मग कशापायी पाळायचं? सगळी मी मनानं धरल्याली खुळं.”

मी ह्याच वाक्याची वाट बघत त्या घरात आले होते. आता ते नको वाटलं. कारण दाराशी तारा उभी होती, तोंडात बोट घालून, त्याच रक्ताची, आणि तिच्या आजीला त्या घराची राखण सोडायला मी लावलं होतं. आत्तींचा नियम खोटा ठरला तो माझ्या खोट्यामुळे. मला काहीच सिद्ध करता येत नव्हतं, नियम खरा आहे हेही नाही. पण नऊ रेघांनंतरची पहाट मी पाहिली होती, आणि आता ताराच्या उशाशी अशा किती पहाटा जातील याची मोजदाद करण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

सोप्पा उपाय मी काढला. तारा माझ्याजवळ झोपत होती. मी रोज आत्तींच्या आधी उठायचे आणि तिच्या पायाशी जाऊन बसायचे. तिच्या इवल्याशा तळव्यावर हात ठेवायचा आणि वाट बघायची. लहान मुलं हात लावला की पाय ओढून घेतात. ही दहा-दहा मिनिटं घ्यायची. एकदा दुपारी तारा सोप्यात झोपली असताना आत्तींनी स्वैपाकघरातून तिला खरंच हाक मारली. मी धावत गेले. पोर डोळे चोळत उठून बसली होती, तिला काही झालेलं नव्हतं. पहिली रेघ, असं माझ्या मनात आलं.

अकराव्या दिवशी आत्ती नेसरीच्या बाजाराहून आल्या ते बगलेत कोंबडा घेऊनच. तांबडा, डौलदार, बघावं तर डोळ्यांत भरेल असा. जिन्याखालच्या कोनाड्यात, म्हणजे ताराच्या अंथरुणाच्या बरोबर खाली, त्याला बांधायला त्या दोरी शोधत होत्या. तारा टाळ्या पिटत होती. मी तिला बायजाकडे धाडलं, माडीवर गेले, पेटी उघडली आणि घड्याळ आणून आत्तींच्या पुढ्यात ठेवलं.

“आत्ती, शालनच्या उशाशी हे होतं. मी ठेवलं होतं. दहा दिवस.”

त्यांना आधी कळलंच नाही. कोंबडा धरलेला हात तसाच. मग त्या घड्याळाकडे बघत हळूहळू खाली बसल्या. मी सगळं सांगितलं: पेपर, गजर, फडकं, नऊ दिवस. सांगताना रडले, पाय धरले. वाटलं होतं मारतील, निदान घराबाहेर काढतील. त्यांनी पाय तेवढे बाजूला घेतले.

“म्हंजे हाक लागली तिला,” त्या म्हणाल्या.

त्या आवाजात राग होता तसंच दुसरंही काहीतरी होतं, जे मला पुढे अनेक वर्षं उमगलं नाही. आज वाटतं, ती सुटका होती. तेरा अधिक अकरा दिवस त्या बाईला वाटत होतं की तिची राखण फुकट गेली. त्यांनी उठून कोंबडा बायजाच्या अंगणात सोडला, आल्या, हात धुतले आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं. त्या रात्रीपासून ताराच्या पायाशी पुन्हा त्या बसू लागल्या. यशवंतला त्यांनी काही सांगितलं नाही. मीच सांगितलं, तो चार महिने माझ्याशी कामापुरतं बोलला आणि पुढे बोलू लागला.

आत्ती माझ्याशी वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. माझी दोन बाळंतपणं त्यांनी केली, मला न्हाऊमाखू घातलं. फक्त त्या दिवसानंतर त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. काही हवं असलं की घरभर शोधत येत, मी जिथं असेन तिथं, आणि माझ्या दंडाला हात लावून उभ्या राहत. सतरा वर्षं. मरतानाही त्यांनी असाच हात पुढे केला होता.

आत्तींना जाऊन तीन वर्षं झाली आणि तारा बाळंत झाली. पुण्यात, तिच्या सासरी. बाळ बारा दिवसांचं असताना ती दुपारची झोपली होती आणि उशाशी मोबाईल वाजला. ती दचकली, उठता उठता पलंगावरून खाली कोसळली. नशीब बलवत्तर, अर्ध्या-एक मिनिटात शुद्धीवर आली. दवाखान्यात नेलं तर हृदयाचा आलेख काढला आणि तो बघून त्यांनी तिला घरी सोडलंच नाही. मी तातडीनं पुण्याला गेले. हृदयाच्या डॉक्टर खर्शीकर म्हणून होत्या, तरुण, शांत बाई. त्यांनी आम्हाला समोर बसवून कागदावर चित्र काढलं, आणि माझ्या लक्षात आलं की हे चित्र मी वीस वर्षं फळ्यावर काढत आले आहे.

हृदयाच्या पेशीच्या आवरणातली पोटॅशियमची दारं, त्या सांगत होत्या. प्रत्येक ठोक्यानंतर ती उघडायची असतात, पोटॅशियम बाहेर जातं, पेशी निवांत होते, पुढच्या ठोक्याला तयार. काही घराण्यांत त्यातली निम्मी दारं मुळात सदोष घडलेली असतात. मग पेशीला निवांत व्हायला उशीर होतो. एरवी काही कळत नाही, माणूस धडधाकट दिसतो. पण झोपेत असताना एकदम आवाज झाला, शरीर दचकलं, की त्या उशिराच्या वेळात भलताच ठोका उठतो. आणि पेशी एकमेकींना जोडलेल्या, तो चुकार ठोका हातोहात साऱ्या हृदयात पसरतो आणि हृदय नुसतं थरथरत राहतं. नेहमी होत नाही. शंभरदा होत नाही आणि एकदा होतं.

घरात कुणी अचानक गेलं होतं का, त्यांनी विचारलं. मी सांगितलं. अहिल्या, सासरे, शालन. त्यांनी वंशावळीत तीन चौकोन-गोल काळे केले. मग गोळ्या लिहून दिल्या, एक दिवसही चुकवायच्या नाहीत म्हणाल्या, आणि त्याखाली लिहिलं: झोपण्याच्या खोलीत गजर नको, फोन नको, दाराची घंटा मंद करा, झोपेतून उठवताना मोठ्यानं हाक मारू नका.

तारा हसायला लागली. म्हणाली, आजीची औषधाची चिठ्ठी आहे ही. मग तिनं माझा हात धरला.

“काकू, तू तेव्हा आजीला घड्याळाचं खरं सांगितलंस म्हणून मी आज आहे. नाहीतर तो कोंबडा माझ्या उशाशी आरवला असता. तू आता मनाला लावून घेणं सोड बघ. हे आमच्या रक्तातच होतं. दोष कुणाचाच नव्हता.”

मी हो म्हणाले. तिला बाळाला पाजायला नेलं तेव्हा मी मागे राहिले आणि डॉक्टरांना विचारलं, अशा वेळी शेजारी कुणी असेल तर काही करता येतं का?

“येतं ना,” त्या म्हणाल्या. “कधी कधी ती थरथर आपोआप थांबते, ताराची थांबली तशी. तेवढी दोन-तीन मिनिटं छातीवर दाब देत राहिलं, रक्त फिरत ठेवलं, तर माणूस परत येण्याची आशा असते. खात्री नाही. पण आशा असते.”

मी त्यांचे आभार मानले आणि बाहेर व्हरांड्यात येऊन बसले. छातीवर दाब कसा द्यायचा हे मला ठाऊक होतं. कॉलेजात प्रथमोपचाराचा वर्ग दरवर्षी मीच घ्यायचे, गादीची गुंडाळी करून तिच्यावर मुलांकडून घोटून घ्यायचे. शालन गेली त्या वर्षीही घेतला होता.

मघाशी मी सांगितलं की मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. आत्तींना तेच सांगितलं, यशवंतला तेच, ताराला तेच. ते तसं नव्हतं. शालनचे डोळे उघडे होते आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती, काहीतरी चाचपडत असल्यासारखी. घशातून श्वास ओढल्याचा आवाज येत होता. मला वाटलं, भोवळ आली आहे, येईल शुद्धीवर. आणि गजर अजून वाजत होता, आणि गोठ्याच्या दाराशी आत्तींची बादली ठेवल्याचा आवाज झाला. मी घड्याळ उचललं, बंद केलं, फडक्यात गुंडाळलं, माडीचा जिना चढले. पेटी साड्यांखाली दाबलेली होती, ती ओढली. कुलूप नेहमीसारखं अडकलं. दोनदा किल्ली काढून घालावी लागली. घड्याळ तळाशी ठेवलं, वर शालू पसरला, कुलूप लावलं, किल्ली मंगळसूत्राच्या दोऱ्याला पुन्हा बांधली आणि खाली आले.

खाली आले तेव्हा बोटं हलायची थांबली होती. मग मी आत्तींना हाक मारली.